आपला ठिपका साफ हाय

"ए पोरी, काय म्हन्ते तुहा ठिपका?"

पुंजाराम खालून, रेतीतून वरडला. वर दरडीवर, माह्या मोटरीजवयच्या कडुनिंबाखाली त्याची सून ज्योत्स्ना मोबाईल आभायाकडे धरून उभी. खाली नदीत रेंज येत नाई, दोन्ही अंगानं दरडी माणसाच्या डोक्यावर. म्हून या घरानं रीतच पाडली होती. सुनेनं वर उभं राहाचं, मोबाईलात ढग पाहाचे, आन् खाली आवाज द्याचा.

"साफ हाय मामाजी! आपल्यावर काईच नाई!"

"मंग उतर खाली. डांगरं काय ठिपका तोडीन?"

उन्हायात आमची नदी आटते तं मधात रेतीचं बेट उघडं पडते. एका बाजूनं घोट्याएवढी धार, बाकी कोरडं. त्या बेटावर पुंजाराम दरसाल डांगरवाडी लावते. खरबूज, टरबूज, थोडी काकडी. बाप लावत होता, त्याचा बाप लावत होता. माहं वावर दरडीवर. माह्या मोटरीचा काया पाइप कडुनिंबाच्या बुडाले बांधून खाली त्याच्या बेटावर सोडेल हाय. पानी माहं, रेती नदीची, मेहनत त्याची. अन् चहा कोनाच्याई घरचा.

मोबाईलात ते ढगाचं टाकून देल्लं त्याच्या पोरानं, नितेशनं. तो बडनेऱ्याले रेल्वेत हाय. नकाशावर ढग चालतानी दिसते. हिरवा म्हन्जे भुरभुर, पिवया म्हन्जे जोराचा, लाल म्हन्जे मायबाप सांभाय. आन् निया ठिपका म्हन्जे आपन. पह्यले पह्यले पुंजाराम म्हने, "आभाय डोक्यावर हाय ना बे, मंग हातात काहून पाहाचं?" पन चैतात गारा आल्या तवा त्या मोबाईलनं आधी सांगतलं, त्यानं डांगरं कापसाच्या वायल्या पऱ्हाटीखाली झाकली, आन् वाचली. तवापासून बुढा असा भगत झाला का सकायी देवाआधी ठिपका इचारे.

त्या दिवशी शेवटचा तोडा होता. अकोल्याचा टेम्पो दिवस मावळाच्या आत येनार. पुंजाराम आन् त्याची बुढी मैनाबाई सकायपासून रेतीत वाकेल. मी वर निंबाच्या सावलीत मोटरीचा फुटबाल, पानी ओढाचा वाल, खोलून बसेल होतो. ऊन असं का रेतीवर भाकर भाजावं.

ज्योत्स्ना खाली उतराच्या बदली फोन लावत बसली. पुंजारामाले खालून दिसलं.

"पाहा शेषरावभाऊ! पुन्हा माहेर लावलं हिनं. दिवसातून दहा डाव माहेर!"

ज्योत्स्नाचं माहेर चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठी. घरात माय एकटी. लग्नात तिकडल्या पंगतीत वऱ्हाडाले बुंदी पुरली नोती, ते पुंजारामानं चार वर्सं झाले तरी गियलं नोतं. इहीनबाईसंग तो एक शब्द बोलला नोता. घरात त्या गावाचं नाव निंघालं का बुढा थुकाले बाहीर जाये.

"लागून नाई राह्यला काकाजी," ज्योत्स्ना मले म्हने. "सकायपासून मायचा फोनच लागत नाई."

"चार्जिंग नसन वं."

"नाई... हे पाहा बरं."

तिनं नकाशा बोटानं वर सरकवला. रोज आमी आपला ठिपका पाहो, त्याच्या भोवतालचं गाव-दोन गाव पाहो. वर डोंगराकडं कोन कायले जाईल? मी चष्मा पुसला. आपल्या ठिपक्यावर काईच नाई, पांढरं शुभ्र. आन् वर, जथी चिखलदरा, तथी लाल. लालाच्या मधात कायपट जांभयं. कोन्या जनावराचं काळीज कापून ठेवावं तसं.

"हे चालून नाई राह्यलं काकाजी. बाकी ढग चालते. हे सकायपासून तिथंच उभं हाय. माय एकटी हाय वो तथी!"

मी म्हनलं, "डोंगरातलं पानी डोंगरात. तिचं घर पक्कं हाय ना? मंग? भेऊ नोको."

असं म्या म्हनलं. माह्या तोंडानं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. माय होती. आवाज तुटे, मंधात नुसतं खर्रर्र होये. ज्योत्स्नानं मोठ्यानं लावला. बुढी रडून राह्यली होती का वरडून, समजे नाई.

"...नाला फुटला वं बाई... गोठा गेला... मी शायेत हाव, सारे शायेत हाव... पानी असं कधी पाह्यलंच नाई... खाली गेलं वं सारं, खाली..."

फोन कटला.

"माय जित्ती हाय," ज्योत्स्ना म्हने. मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. म्या तिच्याकडं पाह्यलं. दोघाच्याई डोक्यात एकाच वक्ती ते शिरलं. तो नाला खाली येऊन कुठी जाते? नदीलेबी माहेर असते. आमच्या नदीचं माहेर तथीच हाय.

आन् ही पोरगी आत्ताच तर खाली वरडली होती, साफ हाय म्हून.

"मामाजीऽऽ! वर याऽऽ!"

पुंजारामानं कमरेवर हात ठेवला. "काहून?"

"पानी येऊन राह्यलं!"

त्यानं वर आभायाकडं पाह्यलं. आभाय निय्यंभोर. घार फिरून राह्यली होती.

"कुठून येऊन राह्यलं? तुह्या डोक्यातून? आपला ठिपका साफ हाय म्हून तूच सांगतलं ना?"

"ठिपका साफ हाय, डोंगरावर लाल हाय!"

"डोंगरावर मी पेरलं काय? टेम्पो येनार हाय बापा! अर्धा माल येलावर हाय!"

मी उठलो. माहे गुडघे कामातून गेले हाय, पन त्या दिवशी कसा उतरलो मले नाई मालूम. ज्योत्स्ना माह्या पुढं. चप्पल तिनं वरच सोडली, आन् त्या तापल्या रेतीत अनवानी पयाली. धारेजवय जाऊन ती एकाएकी थांबली.

"काकाजी."

धारेचं पानी कालवरी तयाची रेती दिसे असं. आता चहासारखं झालं होतं. तिनं वाकून पान्यातून एक पान उचललं. मोठ्ठं, खरबरीत, हिरवंगार.

सागाचं पान. आमच्या पट्ट्यात पाच कोसात सागाचं झाड नाई.

"हे आमच्या इकडलं हाय," ती म्हने. 

 धारेत अजून एक पान आलं. मंग काड्या. मंग फेस, दुधावर येते तसा पिवया फेस, गोल गोल फिरत. पानी घोट्याचं पोटरीले आलं.

"मैनाबाई!" मी वरडलो. "टोपलं टाक! टाक ते!"

मैनाबाई अशी बाई का नवऱ्याचं ऐकन नाई, पन तिनं माहं तोंड पाह्यलं आन् डोक्यावरचं टोपलं तथीच टाकलं. आमी धारेतून बेटावर गेलो, ज्योत्स्नानं तिचा एक हात धरला, म्या दुसरा. धार पार करतानी पानी मांडीले लागलं. थंड! वैशाखाच्या उन्हात तसं थंड पानी, मुर्द्याच्या अंगासारखं. खालची रेती पायातून निसटे. मैनाबाई म्हने, "माहा बुढा, माहा बुढा," आन् मांगं वये. आमी तिले ओढत दरडीवर नेलं.

मांगं पाह्यलं तं पुंजाराम येऊन राह्यला होता. याचं तं सिदं याचं होतं, पन मधातूनच फिरला.

"बकरी! खोपीले बकरी बांधेल हाय!"

"मरू दे बकरी!" मैनाबाई किंचाळली. "ओ मानसा! मरू दे ते!"

तवा आवाज आला.

मालगाडी लांबून पुलावर चढते, तसा. पन थांबेच नाई. आमच्याकडं वारा नाई, ढग नाई, कडुनिंबाचं पान हालत नाई. ऊन पडेल हाय, पाखरं बोलून राह्यले हाय. आन् वयनावरून नदी उभी राहून आली. कायी-तांबडी भित. तिच्या तोंडावर वंडके, काटवन, कोनाच्या गोठ्याचा टिन. म्या साठ पावसाये पाह्यले. उन्हातला पूर पह्यल्यांदा पाह्यला. 

पुंजाराम खोपीच्या मांगं बकरी धुंडून राह्यला होता. आन् बकरी? बकरीनं कवाच दावं तोडलं होतं. ती आमच्या बाजूले दरडीवर उभी राहून माह्या मोटरीजवयचं गवत खाऊन राह्यली होती.

"मामाजी! पाइप! पाइप धरा!"

ज्योत्स्नाचा तो आवाज मले अजून कानात येते. रोज तिथूनच ती आवाज दे, म्हून का काय, बुढ्याच्या कानानं तोच आवाज धरला. त्यानं वर पाह्यलं, वाकला, माह्या मोटरीचा काया पाइप हाताले गुंडायला, आन् पानी त्याच्यावरून गेलं.

मानूस दिसेना. खोपी गेली. वाडी गेली. निस्तं पानी.

पाइप तानला. कडुनिंबाच्या बुडाची गाठ कराकरा वाजली. आमी तिघं त्या पाइपले लटकलो. मैनाबाई देवाचं नाव घेत नोती, नवऱ्याले शिव्या देत होती. "ये ना रे मुडद्या! ये ना!" हातातून पाइप सरके, पुन्हा धरो. मंग कडेच्या फेसात एक टक्कल दिसलं. बुडालं. पुन्हा दिसलं.

कसा ओढला ते नोका इचारू. दरडीवर टाकला तं त्याच्या तोंडातून चिखल निंघाला. डोये उघडून त्यानं पह्यलं काय पाह्यलं तं बकरी.

"ही... कवा आली?"

"तुह्या आधी," मैनाबाई म्हने, आन् मंग तिले रडू फुटलं.

टेम्पो आला आन् रिकामाच गेला. गावात थेंब पडला नाई. पारावर लोक म्हने, पाऊसच नाई तं पूर कुठून? वाडीत शेवटचा एक ताटवा आमच्याकडं न तोडता ठेवते, नदीचा वाटा म्हून. मैनाबाई पाण्याकडं पाहून म्हने, "दरसाल आपन वाढत होतो. यंदा तिनं आपल्या हातानं वाढून घेतलं."

पुंजाराम दोन दिवस घरीच होता. पाइपानं सोलेल तयहात पाहत बसे. कुठं ट्रक गेला तरी दचकून उठे आन् नदीकडं पाहे. तिसऱ्या दिवशी माह्या घरी चहाले आले सारे. ज्योत्स्नानं सवयीनं मोबाईल काढला.

"आपला ठिपका साफ हाय, मामाजी."

"तो जाऊ दे." त्यानं बशी खाली ठेवली. "तुह्या माहेरावर काय हाय ते सांग."

 ती नकाशा वर सरकवून म्हने, "तिकडंबी साफ हाय."

"आन् बुढी?"

"बरी हाय. शायेतच हाय अजून."

"लाव फोन तिले."

फोन लागला. पुंजारामानं तो दोन्ही हातानं धरला, तोंडापासून लांब, आन् रेतीतून दरडीवर वरडावं तसा वरडला.

"इहीनबाईऽऽ! मी पुंजाराम! घर पडलं असन तं इकडं या राहाले! आन् आभाय भरलं का पह्यले मले सांगजा!"

तिकडून काय बोलली बुढी, आमाले आयकू नाई आलं. पुंजाराम नुसता हुं हुं करे. डोये खिडकीतून आभायाकडं. आभाय निय्यंभोर होतं.