कॅसेटमधली करवली

नौपाड्यातल्या त्या कार्यालयात वरपक्षाची म्हणून जी खोली होती, तिला मी आजही नावं ठेवते. ठेवणारच! गुरुदत्तचं, माझ्या धाकट्या भावाचं, लग्न होतं. साल अठ्ठ्याऐंशी. आणि सकाळपासून निम्मं लग्न मी त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून काढलं होतं. का, तर माझी मंजुळा तीन महिन्यांची होती आणि तिला भूक लागत होती.

"बाळ रडलं की आत जायचं," हे फर्मान मंदाकिनी आत्याचं. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते, गुरुदत्त चौथीत. तेव्हापासून आमच्या घरचं प्रत्येक कार्य आत्याच्या हुकमाने चालायचं. बाई मनाने सोनं हो, पण 'लोक काय म्हणतील' ह्या एका काळजीत तिचा जन्म गेला. "सुमेधा, चारचौघांत पदराखाली घेऊन काय बसतेस? मुलीकडची माणसं बघतायत. शोभतं का?"

एकांत हवा म्हणून त्या खोलीत पाठवायची. एकांत कसला, डोंबल! दाराला कडी नव्हती. बॅगा, गाद्यांच्या वळकट्या, आहेराचं सामान, सगळं तिथेच कोंबलेलं. आचारी तुपाचा डबा न्यायला आला. कोणी लांबचे काका इस्त्रीचा सदरा शोधत आले. बाहेर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले असते तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. इथे मात्र येणारा प्रत्येक जण "सॉरी, सॉरी" करत दचकून मागे फिरायचा, आणि मी उगीचच चोरी करताना सापडल्यासारखी.

बरं, तेही सोसलं. पण मुंडावळ्या! गुरुदत्तला मुंडावळ्या मी बांधणार, हे तो शाळेत होता तेव्हापासून ठरलेलं. मी मंजुळाला पाजून बाहेर आले तर बांधून झालेल्या. आत्याच्या मुलीने, सुमतीने बांधलेल्या, आणि त्याही वाकड्या. वरवर हसले. मनाशी म्हटलं, झालं ते झालं, मंगलाष्टका मात्र चुकवायच्या नाहीत. पोराच्या डोक्यावर अक्षता पडताना आई नाही, निदान मी तरी त्याच्या पाठीशी असेन.

मुहूर्त जवळ आला. गुरुदत्त पाटावर उभा राहिला. करवली म्हणून त्याच्या मागे मी कलश घेऊन उभी, शेजारी सुमती दिवा घेऊन. भटजींनी अंतरपाट धरायला लावला. पलीकडे चित्राला, आमच्या नवरीला, तिच्या मामांनी आणून उभं केलं. व्हिडिओवाल्याने त्याचा तो भगभगीत लाइट लावला. त्या उजेडाने म्हणा, सनईने म्हणा, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेली मंजुळा जागी झाली, ती टाहो फोडतच. बापाने जोजवलं, पाठ थोपटली, चोखणी तोंडाशी धरली. पठ्ठी ऐकेना. शेवटी बिचारा तिला माझ्याकडे घेऊन आला.

आत्या लगबगीने पुढे झाली. "कलश दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दे आणि जा आत."

"आत्या, अगं मुहूर्त आलाय."

"मुहूर्त कोणासाठी थांबतो का? जा म्हणते ना! शूटिंग चालू आहे बाई, सगळं कॅसेटमध्ये येईल."

माझं डोकंच फिरलं. "येऊ दे," मी म्हटलं. "मी कुठेही जाणार नाही. पाजायचंच आहे ना, मग इथेच पाजते."

हे जरा मोठ्यानेच बोललं गेलं. पहिल्या रांगेतली कुजबुज थांबली. मागून कोणीतरी "काय बाई आजकालच्या मुली" म्हणालं, तेही ऐकू आलं. गुरुदत्तने मान वळवली. कान लाल झालेले. "ताई..." एवढंच म्हणाला. मला इतका राग आला त्याचा! अरे, ह्याचे डबे भरले, ह्याच्या तापात उशा-पायथ्याशी बसून जागरणं केली, आणि आज ह्याला एक शब्द सुचू नये?

तेवढ्यात अंतरपाटापलीकडून आवाज आला. "ताईंना तिथेच राहू द्या ना."

चित्रा! नवरीने खाली मान घालून उभं राहायचं असतं. तिचे मामा दबक्या आवाजात तिच्यावर खेकसले. पण ही डोंबिवलीची मुलगी, थोडीच ऐकतेय? "अहो मामा, भूक लागलीये बाळाला. त्यात काय एवढं?"

आता मात्र आमच्या बंधुराजांना कंठ फुटला. "ताई इथून हलणार नाही, गुरुजी. तुम्ही सुरू करा."

"हो हो, घ्या बाळाला पदराखाली, वेळ टळतेय," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

मी डाव्या हातावर मंजुळाला घेतलं, शालूचा पदर ओढला. क्षणात पोर गप्प झाली. आमच्या दोघींवर अक्षता पडत होत्या. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! पण उजवा हात भरून आला, नारळासकट कलश कलायला लागला. तेव्हा बाजूने एक हात आला आणि त्याने कलश खालून धरला. "पाडशील गं, वेंधळी!" आत्या पुटपुटली. दुसऱ्या हाताने तिने माझा पदर नीट केला आणि शेवटच्या अक्षता पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

महिन्याभराने कॅसेट आली. भाड्याने व्हीसीआर आणला, अख्खी बिल्डिंग जमली. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि पडद्यावर मी, पदराखाली मंजुळा, अगदी मधोमध. आत्याने कपाळावर हात मारला. "तेवढं कापून घ्या रे बाबांनो."

"कापतो की," गुरुदत्त म्हणाला. "पण मग तूही कापली जाशील, आत्या. कलशाखाली हात कोणाचा आहे ते बघ."

आत्या टीव्हीजवळ सरकली. चष्मा पुसला. "परत लाव बघू," म्हणाली. त्या संध्याकाळी तेवढाच भाग तिने पुन्हापुन्हा लावायला सांगितला. शेजारच्या काकूंना म्हणे, "आमची वहिनी अशीच ओट्यावर बसायची हो, ह्या सुमेधाला घेऊन."

नव्वद साली सुमतीच्या मुलाची मुंज त्याच कार्यालयात झाली. चित्राचा मुलगा तेव्हा पाच-सहा महिन्यांचा होता. मातृभोजन चाललं होतं, आणि चित्रा पहिल्या रांगेत बसून त्याला पाजत होती. सुमतीच्या सासरच्या एक बाई वाकून तिला म्हणाल्या, "आत खोली आहे हो. तिकडे बसा की."

चित्रा काही बोलायच्या आत मंदाकिनी आत्या वाढायचं सोडून, हातातल्या तुपाच्या वाटीसकट, तिथे हजर. "ती का उठेल? आमच्याकडे करवलीने मंगलाष्टकांत पाजलंय. कॅसेट आहे घरी, या कधी बघायला!"

मंजुळा माझ्या मांडीवर बुंदीचा लाडू खात होती, आणि मला आईची इतकी आठवण आली की काय सांगू. आत्याने मात्र पोऱ्याला हाक मारून पंखा चित्राकडे वळवायला लावला आणि ती पुन्हा वाढायला गेली.