सुलभाच्या फोनातले शब्द

"पोट फुगलं काका याचं." संघपालनं फोन आडवा करून डोळ्यांसमोर धरला. मागचं झाकण मधोमध उचललं गेलं होतं. "हा उशाशी चार्जिंगले लावून झोपत जाऊ नका. बॅटरीचा काही भरवसा नाही."

सुधाकररावांनी मान हलवली. ते रोज तसंच झोपत होते, हे त्यांनी सांगितलं नाही.

खामगावच्या बसस्टँडजवळ संघपालचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काउंटर, दोन स्टुलं आणि भिंतीवर लटकवलेली कव्हरं. सुधाकरराव जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते. कापसाची गाडी आली की भरलेली तोलायची, खाली करून आली की रिकामी तोलायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. आजवरची सगळी नोकरी त्यांनी यातच काढली होती. त्यांचा स्वतःचा फोन खिशात होता. हा फोन सुलभाचा, त्यांच्या बायकोचा. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

बॅटरी बदलता येते, पण आतली मेमरीच खराब झाली आहे, असं संघपालनं सांगितलं. म्हणून फोन मधेच काळा पडतो, मग त्याच्या मनात येईल तेव्हा चालू होतो. एखाद्या दिवशी होणारच नाही. फोटो त्यानं आधीच काढून दिले होते. राहिले होते फक्त शब्द, आणि सुधाकररावांना तेच पाहिजे होते.

सुलभाच्या घशाचं ऑपरेशन अकोल्याला झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतरची दोन वर्षं ती फोनवर लिहून बोलली. कोणाला पाठवायची नाही. लिहायची, समोरच्याला दाखवायची, त्यानं वाचलं की पुसायची आणि पुढचं लिहायची. वरणात मीठ कमी पडलं का, पुसलं. पंखा बंद करा, पुसलं. भांडणसुद्धा तसंच. राग आला की अंगठा भराभर चालायचा आणि फोन ती सुधाकररावांच्या नाकाशी आणून धरायची. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसायचं नाही. ते चष्मा शोधून येईपर्यंत तिचा राग गेलेला असायचा आणि लिहिलेलं पुसलेलं असायचं. "काय लिहिलं होतं, दाखव ना," ते म्हणायचे. ती आवाज न करता हसायची.

त्यामुळे ती गेली तेव्हा दोन वर्षांच्या बोलण्यातलं एक अक्षर मागे राहिलं नाही, असंच त्यांना वाटलं होतं. तेरवीनंतर तिच्या भिशीतल्या बायकांना निरोप लिहायचा म्हणून त्यांनी हा फोन हातात घेतला. 'तुम्ही' एवढंच लिहिलं. तेवढ्यात अक्षरांच्या वरच्या पट्टीवर तीन शब्द उमटले. जेवले. गोळी. झोपा. त्यांनी 'जेवले'वर बोट ठेवलं, तर पुढे 'का' आला. तुम्ही जेवले का. सुधाकरराव तिथेच खाटेवर बसून राहिले. निरोप त्या दिवशी गेलाच नाही.

लिहिणाऱ्याची सवय फोन शिकतो, हे त्यांना पुढे संघपालनं सांगितलं. कोणता शब्द कोणत्या शब्दामागे येतो ते तो लक्षात ठेवतो. तेव्हापासून जिनिंगमधून घरी आलं, हातपाय धुतले की ते 'तुम्ही' नाहीतर 'मी' लिहायचे आणि पट्टीवर येईल ते दाबत जायचे. चहा, गोळी, दूध, पंखा. कधीकधी एखादं वाक्य असं सरळ जुळून यायचं की ते स्वयंपाकघराकडे पाहायचे.

"फोटो निघाले तसे शब्द काऊन नाही निघत?" त्यांनी आज पुन्हा विचारलं.

संघपालनं पुन्हा सांगितलं. तो कधी कंटाळत नसे. "असं समजा काका, कंपनीनं घर तुमाले विकलं, पण एका खोलीची चावी आपल्यापाशीच ठेवली. शब्द त्या खोलीत आहेत. रूट करणं म्हणजे ते कुलूप तोडणं. एकदा तोडलं की काकूंचे शब्द बाहेर काढतो, मंग कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर काढून पोरायनं बनवलेलं हलकं टाकून देतो. फोन अजून काही दिवस ओढन."

"आन् तोडता तोडता काही झालं तं?"

"तं डेड. मंग शब्दबी गेले न फोनबी गेला." संघपालनं फोन काउंटरवर ठेवला. "माह्या हातून दोन फोन गेले आहेत. खोटं काऊन सांगू?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी जवळजवळ असंच सांगितलं होतं. नाही केलं तर काही महिने, केलं तर सांगता येत नाही. तिथे सुधाकरराव क्षणात "करा" म्हणाले होते. इथे त्यांची जीभ उचलत नव्हती.

मुलीला विचारून झालं होतं. निवेदिता पुण्याला नोकरीला होती. ती फोनवर जरा तोडूनच बोलली. फोटो घेतलेत ना, मग बास झालं, फोन आहे तसा राहू द्या, कशाला उकरताय, असं म्हणाली. सुधाकररावांना ते लागलं होतं. पोरगी आईला लवकर विसरली, असं मनात येऊन गेलं आणि मनातच राहिलं.

संघपालनं शेजारच्या टपरीवरून दोन चहा मागवले. मग म्हणाला, "आधी पाहू तरी, खोलीत आहे काय ते. तुम्ही रोज तेच ते दाबता. आता तो तुमची सवय शिकला असंन. काकूंचं किती राह्यलं न तुमचं किती, काय माहीत."

हे सुधाकररावांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपण रोज बोट ठेवत गेलो आणि तिच्या बोलण्यावर आपलंच बोलणं चढत गेलं की काय?

"तुम्ही सुरुवात कायनं करता?" संघपालनं विचारलं.

"तुम्ही. नाहीतं मी."

"म्हणजे काकू तुमच्याशी जे बोलल्या तेवढंच येते." संघपाल हसला. "आमची माय दिवसभर 'यायले' 'यायले' करते. यायले चहा द्या, यायले उठवा, यायले काही समजत नाही. बाबा घरात नसले तरी यायलेच. त्यानं पाहतो."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बाया दुसऱ्याशी बोलताना नवऱ्याला 'यायले', म्हणजे 'यांना', म्हणतात. सुधाकररावांना तो शब्द कधी सुचलाच नव्हता. सुचणार कसा? तो त्यांच्याशी बोलण्यातला नव्हताच.

संघपालनं 'यायले' लिहिलं. पट्टीवर आलं : सांगू. चहा. उठव.

त्यानं सहज 'सांगू' दाबलं. पुढे आलं : नको. ते दाबलं. मग आलं : रात्री. मग लय. मग दुखते.

यायले सांगू नको रात्री लय दुखते.

संघपालचं बोट वरच थांबलं. पट्टीवर पुढचे तीन शब्द येऊन उभे होते. त्यानं ते वाचले नाहीत. फोन हळूच सुधाकररावांकडे सरकवला आणि चहाचा ग्लास उचलून रस्त्याकडे पाहत बसला.

सुधाकररावांनी चष्मा लावला. 'नको' होतं, 'नका' नव्हतं. भिशीतल्या बायांशी ती अहोजाहो करायची. 'नको' म्हणावं असं माणूस घरात एकच. सुलभाच्या शेवटच्या दिवाळीला निवेदिता आली होती. मायलेकी स्वयंपाकघरात बसायच्या, फोन एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचा. ते पाणी प्यायला आत गेले की फोन पालथा व्हायचा. बायकांचं काहीतरी असेल, असं समजून ते पाणी पिऊन बाहेर यायचे. रात्री सुलभा शेजारच्या खाटेवर असायची. "कसं वाटते?" ते विचारायचे. ती लिहून दाखवायची, बरं वाटते. मग ते दिवा मालवायचे आणि त्यांना झोप लागायची.

दुखते हा शब्द तिनं त्यांना एकदाही दाखवला नव्हता.

"कुलूप तोडलं तं," त्यांनी विचारलं, "आपल्याले पाहिजे तेवढेच शब्द काढता येतात का?"

"नाही काका. निघाले तं सगळेच निघतात. कोणता शब्द किती वेळा लिहिला, तेबी येते."

काटा चालवणारा माणूस होता तो. कागद घरी आला की आपण काय करू, हे सुधाकररावांना चांगलं ठाऊक होतं. चष्मा लावून बसू आणि मोजू. बरं वाटते किती वेळा, दुखते किती वेळा. वजाबाकी करू. रोज करू.

आणि त्या बाईनं तर लिहिलं की पुसलं होतं. त्यांना दाखवायचं ते दाखवलं, दाखवायचं नव्हतं ते दाखवलं नाही. आवाज गेला होता, पण कोणाशी काय बोलायचं ते तिचं तिनं ठरवलं होतं. तिच्या माघारी ती खोली फोडायची म्हणजे काय?

फोनवर उमटलेली ती ओळ त्यांनी एकेक अक्षर करून पुसली. त्यांच्या जाड बोटाला ते नीट जमत नव्हतं.

"राहू दे, संघपाल. नको तोडू."

"बॅटरी नवीन टाकून देतो. पण काका, एखाद्या दिवशी सुरूच नाही होणार. मंग मले म्हणू नका."

"तुले काऊन म्हणीन? तू तं सांगतलं सगळं."

संघपालनं झाकण काढलं. फुगलेली बॅटरी उपसून बाजूच्या वाळूच्या डब्यात ठेवली. काम करताना तो एकदाच बोलला, मान वर न करता. "माह्या मायनंबी बाबाले नव्हतं सांगतलं, काका. तिच्या गाठीचं. बाया सांगतच नाहीत." सुधाकरराव 'हो' म्हणाले.

दुकानातून निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाजार समितीच्या फाटकापाशी कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागल्या होत्या. ते तिथवर आले आणि त्यांच्या खिशातला स्वतःचा फोन वाजला. निवेदिता होती. या वेळी ती कधी फोन करत नसे.

"गेला होतात का बाबा त्याच्याकडे?"

"हो, आत्ताच निघालो."

"मग? केलं का त्यानं ते?"

"नाही होत म्हणते. लय जुना आहे फोन."

आवाज खाली आणून तिनं विचारलं, "काही... निघालं का त्यातून?"

सुधाकरराव फाटकाच्या खांबाला टेकले. पोरीनं आईला दिलेला शब्द वर्षभर एकटीनं सांभाळला होता. आई गेल्यावरही सांभाळला होता. कशाला उकरताय, असं ती का म्हणाली ते त्यांना आता कळत होतं. तो शब्द त्यांच्यामुळे मोडायला नको होता.

"निघाले थोडेसे," ते म्हणाले. "मीठ, पाणी, चहा. गोळी घ्या. तुही माय दुसरं काय लिहिन?"

पलीकडून तिनं सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. मग ती एकदम बोलायला लागली. ऑफिसात नवीन साहेब आले आहेत, घरमालक नळ दुरुस्त करत नाही, परवा तिनं शेंगदाण्याची आमटी केली ती आईसारखी झालीच नाही. एकातून दुसरं निघत होतं. मधेच कापसाचा एक ट्रक घरघरत अगदी जवळून गेला. तिचं अर्धं वाक्य त्यात बुडालं.

"बाबा? ऐकताय ना?"

त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बोल," ते म्हणाले, "मी ऐकून राह्यलो."