पुलाआधी काढलेला रपटा

ते १९७९ साल होतं. वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यातल्या आमच्या गावाला रस्ता एकच, आणि त्याला आडवा नाला. गाड्या नाल्यात दगड रचून केलेल्या रपट्यावरून जात. जिल्हा परिषदेनं पूल मंजूर केला तेव्हा गाव इतकं हरखलं, की कंत्राटदाराला जागा मोकळी मिळावी म्हणून आम्हीच श्रमदान करून तो रपटा उचकटला. काय हौस होती तेव्हा! पंचायतीत दोन बायका घ्याव्याच लागत, त्यांतली मी एक. मीही पाट्या वाहिल्या.

ज्याची निविदा सर्वांत कमी, त्याला काम. त्या दरात पूल होणारच नव्हता. पायव्याचा खंदक खणून माणूस पसार झाला. परिषदेचे ओव्हरसियर सरपंचांच्या हाती तसा कागद देऊन बजावून गेले, "झालेल्या कामाचं मोजमाप होईपर्यंत कशाला हात लावू नका. गावानं काम बदललं, तर नवी निविदा निघणार नाही."

मोजायला कोणी आलं नाही. पाऊस लागला, खंदक तुडुंब भरला. रपट्याचे दगड काठावर रचलेले, आणि आम्ही अलीकडे कोंडलेलो.

श्रावणात मंगरूची बायको सुंदरा बाळंतपणात अडली. सुईण तानाबाई म्हणाली, "माह्या हातचं नाई आता. सेलूले न्या." बैलगाडी खंदकाशी येऊन थांबली.

"सरपंच, दगड टाकू का?" मंगरूनं विचारलं.

सरपंच लक्ष्मणराव म्हणजे माझे चुलत दीर. ते म्हणाले, "एक दगड टाकला तं पूल गेला, मंगरू. समद्या गावाचा."

"मंग तो पूल पांघरून बसा!" तानाबाई कडाडली.

"भाऊजी," मी म्हटलं, "कागदाकडे काऊन पाहून राह्यले? गाडीत पाहा."

गाडीतून सुंदराचं कण्हणं येत होतं. लक्ष्मणरावांनी धोतर खोचलं आणि पहिला दगड त्यांनीच ढकलला. सारं गाव धावलं. खंदक बुजला, गाडी हेलकावत पार गेली.

सुंदरा वाचली. मूल वाचलं नाही.

मोजमापाचे साहेब दिवाळीनंतर आले, बुजलेला खंदक पाहून तसेच परतले. ओव्हरसियर बढतीवर बदलून गेले. पुढच्या निवडणुकीत लक्ष्मणराव पडले. 'पूलबुडवे' हे नाव त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. मंगरू-सुंदरा हिंगणीकडे जंगलकामाला गेले. तिथं त्यांना दोन मुली झाल्या. तानाबाई म्हातारपणी लेकीकडे अल्लीपूरला गेली. मी मुलाबरोबर वर्ध्यात आले.

पूल १९८८ साली झाला. लक्ष्मणराव त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. तेव्हाही पावसाळाच होता, आणि खंदकात टाकलेले दगड पुरात केव्हाच वाहून गेले होते. त्यांना पोचवायला मंगरू हिंगणीहून निघाला, आणि नाल्याच्या पलीकडेच अडकला.