पुढच्या जागेवरचं पोतं

मुलीबरोबर छपरीतून ओढत आणलेल्या पोत्याची गाठ सुटेना, तेव्हा काकूंनी सरळ कात्री घातली. वाळू भसकन बाहेर आली आणि पायरीखालच्या चिखलात पसरली. काकूंनी ती चपलेने सारखी केली. सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. येणारा प्रत्येकजण त्या चिखलात आधी घसरत होता आणि मग हळहळत होता. आता निदान कुणाचं हाड तरी मोडणार नव्हतं.

रिकामं पोतं झटकून त्यांनी कठड्यावर टाकलं आणि तिथेच पायरीवर टेकल्या. आत मुलगी पेले विसळत होती. वस्ताद गेल्याचं दुःख कुठे पळून जाणार नव्हतं, ते घरातच मुक्कामाला होतं. पण भेटायला येणाऱ्यांनी काकूंचा जीव मेटाकुटीला आणला होता. लाकडी होड्या बांधणाऱ्या आणि वल्हवायला शिकवणाऱ्या आपल्या नवऱ्याने एवढे शिष्य जमवलेत, याचा त्यांना पत्ताच नव्हता. प्रत्येकाला तीच एक गोष्ट सांगायची असे. पहिल्या दिवशी वस्तादांनी पाण्याला शिवू दिलं नाही, होड्या बांधायच्या छपरीतल्या भुशात गुडघे टेकवून कोरडंच वल्हं मारायला लावलं, आणि वर म्हणाले, "जमिनीवर बुडलास, तळ्यात काय दिवे लावणार?" सांगणारा आधी हसे, मग रडे. काकू मान हलवत आणि चहा टाकत. त्यांनी स्वतःसाठी वाढून घेतलेलं ताट दुपारपासून ओट्यावर झाकलेलं होतं. कालचंही तसंच गेलं होतं.

जाताना सगळे म्हणत, देवमाणूस होता. ते ऐकून काकूंचे कान किटले होते. देवासारखाच होता खरा, घरात कमी आणि बाहेर जास्त.

गेल्या वर्षीच्या आजारपणात काकूंना पायावर उभं राहवत नव्हतं. रोज सकाळी वस्ताद त्यांना दोन्ही हातांवर उचलून मोरीत नेत, परत आणून खाटेवर ठेवत, आणि ठेवलं रे ठेवलं की तडक छपरीची वाट धरत. चादर सारखी करणं नाही की कसं वाटतंय म्हणून विचारणं नाही. काकू अर्ध्या झाल्या होत्या. शेजारणी बघून डोळे पुसत, पण या माणसाच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं. बरं वाटलं की एकदा समोर बसवून विचारायचं, असं काकूंनी ठरवलं होतं. तुम्हाला दिसलं तरी का हो मी किती वाळले ते? आज विचारू, उद्या विचारू करता करता वस्तादच एका दुपारी झोपेत गेले. प्रश्न काकूंकडेच राहिला, आणि तो आता त्यांना चहाच्या प्रत्येक पेल्याबरोबर आठवत होता.

फाटक वाजलं. दातांची डॉक्टरीण आली होती. ही वस्तादांची सगळ्यात जुनी शिष्या. संध्याकाळी सगळे आपापल्या होड्या घेऊन तळ्यावर जमणार होते. वस्तादांची होडी पुढे राहणार आणि ती हिने वल्हवायची, असं ठरलं होतं. मी काही येणार नाही, हे काकूंनी कालच सांगून टाकलं होतं.

"काकू, छपरीतलं पोतं दिसत नाही. कुणी नेलं का?"

"वाळूचं ना? ही काय वाळू. चिखल बघितलास का किती झालाय?"

डॉक्टरीण पायरीपाशी आली आणि थबकली. खाली बघून तिने पुढे टाकलेला पाय उचलला आणि कडेच्या दगडावर ठेवला.

"अगं, वाळूच ती. तळ्यावर पसरलीये हवी तेवढी."

"वाळूच आहे हो. पण आमच्या बाईसाहेब होत्या त्या."

"कोण बाईसाहेब?"

डॉक्टरीण त्यांच्या शेजारी बसली. पर्स मांडीवर घेऊन तिची चेन उघडझाप करत राहिली.

"एकट्याने होडी हाकायला शिकवायचे ना, तेव्हा आम्ही मागे बसायचो. पुढे वजन नसलं की टोक वर उठतं, मग वारा नेईल तिकडे जायचं. म्हणून पुढच्या जागेवर ते पोतं. वस्ताद काठावरून ओरडायचे, बाईसाहेबांना कोरडं परत आणा. पोतं भिजलं की पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. तुम्हाला पुढे बसवूनच शिकलो आम्ही सगळे."

"मला?"

"तुमच्या वजनाचं होतं ते. तुम्ही काही होडीत पाय ठेवायच्या नाहीत, म्हणून." डॉक्टरीण जरा हसली. "मध्ये काही वर्षं फार जड झालं होतं. उचलून उचलून आमच्या पाठी गेल्या."

"हिच्या जन्मानंतरचं असेल ते," काकू आतल्या मुलीकडे मान करून म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण ह्यांना वजन कुठून कळायचं?"

"आधीचं मला माहीत नाही. अंदाजाने असेल. गेल्या वर्षी मात्र..." डॉक्टरणीने पर्स बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, काहीतरी पेलल्यासारखे. "सकाळी घरातून यायचे ते हात असे धरून. चहा पुढे केला तरी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, थांब, हातात वजन आहे अजून. मग पोतं उचलून बघायचे. मग गाठ सोडायची आणि वाळू काढायची. कधी मूठभर, कधी ओंजळभर. एकदा काढता काढता तिथेच भुशात बसले. आम्ही आपले बाहेर निघून गेलो."

काकूंनी कठड्यावरचं रिकामं पोतं ओढून घेतलं. त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. खाली वाळू आणि चिखल एक झाले होते. आता वेगळं काढू म्हटलं तरी निघण्यासारखं नव्हतं.

"एक शब्द बोलला नाही माणूस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला, त्याचा त्यांना रागच आला.

"आमच्याशी तरी कुठे बोलले?"

मुलगी दारात येऊन बघून गेली.

"मी दुसरं पोतं भरते," शेवटी डॉक्टरीण म्हणाली. "फक्त किती भरायचं ते..." ते माहीत असणारे हात आता नव्हते.

काकू कठड्याला धरून उठल्या. "चल. मीच बसते."

"तुम्ही?"

"पोहता येत नाही मला, आधीच सांगून ठेवते."

"बाईसाहेबांनाही येत नव्हतं, काकू."

तळ्यावर सगळे जमले होते. काकूंना येताना पाहून त्यांनी वाट करून दिली. वस्तादांची होडी काठाशी उथळ पाण्यात होती. तिच्या पुढच्या टोकाला बाहेरून एक बारीक तांबडी रेघ होती; पोत्याचं वजन बदललं की वस्ताद ती नव्याने ओढत. माणसं बसली की पाणी त्या रेघेला टेकलं पाहिजे, नाहीतर होडी काठ सोडणार नाही, हा वस्तादांचा नियम सगळ्यांना पाठ होता. काकूंनी चपला काढल्या, दोघांचे हात धरले आणि पुटपुटत, स्वतःलाच बोल लावत, कशाबशा आत जाऊन गुडघ्यांवर बसल्या. डॉक्टरीण मागे बसली. पाण्यात उभा असलेला एक शिष्य, गावचा पोस्टमन, रेघ बघायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"काय रे? बोल की."

"पाणी रेघेला लागत नाहीये, काकू." तो अवघडून म्हणाला, "थोड्या कमी पडताय तुम्ही."

कुणी हसलं नाही. काकूंनी कडेवरून वाकून पाहिलं. रेघ खरंच पाण्याच्या बोटभर वर होती, कोरडी.

"मग घाल वाळू," त्या म्हणाल्या. "बघत काय राहिलास?"

पोस्टमनने काठावरची वाळू ओंजळीत घेऊन त्यांच्या गुडघ्यांपुढे ठेवली. मग आणखी एक ओंजळ. पुन्हा वाकून बघितलं, आणखी थोडी घातली. पाणी वर चढलं आणि रेघेला लागलं. डॉक्टरणीने आवाज न करता वल्हं आत घातलं आणि होडी सुटली.

काकूंनी दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. ओट्यावर ताट झाकलेलं आहे, घरी गेल्या गेल्या ते गरम करून खायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. काठ थोडा मागे पडल्यावर, मान न वळवता, त्या डॉक्टरणीला म्हणाल्या, "कोरडी परत आण मला."