महिन्याची ट्यूब

आमच्या ह्यांचे हात बिघडले, त्याला कारण मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला चांगुलपणा चिकटवायला नको.

साल ब्याऐंशी. भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आमचे हे, नरहर, कारखान्यात लेथवर टर्नर. फिरतं लोखंड तापू नये म्हणून त्यावर पांढरं तेलपाणी सोडायचं आणि त्यातच दिवसभर हात घालायचे, असं ते काम. कातडी खराब होऊ नये म्हणून दर महिन्याला प्रत्येकाला दोन साबण आणि क्रीमची एक ट्यूब मिळायची. ड्यूटी सुरू होण्याआधी ते क्रीम हातांना चोळायचं, असा नियम होता.

नियम पाळतंय कोण? साबण घरी, ट्यूबही घरी. आमच्या लाइनीतल्या एकाही बाईच्या टाचेला भेग नव्हती. मी तर इंदूरच्या बहिणीला, प्रतिभाला, वर्षाच्या दोन-तीन ट्यूबा पाठवायचे आणि वर ऐटीत लिहायचे, "बाजारात मिळत नाही हो ही!" खोटं कशाला बोलू, एकदाच ह्यांना विचारलं होतं, "अहो, तुम्हाला नाही का लागत?" तर म्हणाले, "माझे हात निबर झालेत. तू लाव." मी लावलं.

त्या थंडीत ह्यांच्या बोटांच्या बेचक्यांत लाली आली. मग खाज, मग पुळ्या, मग भेगा. आमटीभात चमच्याने खायला लागले. हळद-खोबरेल झालं, कडुलिंबाचं पाणी झालं, काही म्हणजे काही उपयोग नाही. शर्टाची बटणं मी लावून द्यायचे आणि लावता लावता त्यांनाच झापायचे, "रॉकेलने हात धुता, मग होणार काय दुसरं!" ट्यूबचं माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर मी ते तिथल्या तिथे दाबून टाकलं.

शेवटी फोरमनने ह्यांना दवाखान्यात धाडलं. मी बरोबर गेले. डॉक्टरांच्या खोलीतच पुढच्या पेशंटांसाठी बाक होतं. त्यावर शेजारची कमलिनी खोकत बसलेली, आणखी तीन-चार ओळखीचे चेहरे.

डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले.

"क्रीम लगाते थे?"

"हां साहब, रोज," हे म्हणाले.

डॉक्टरांनी पेन उघडलं. क्रीम लावूनही एवढं होत असेल तर तुमच्या कातडीला हे तेल सोसतच नाही, म्हणाले. लेथ सोडावा लागेल. स्टोअरमध्ये बदलीची शिफारस लिहितो.

लेथ सोडायचा? अहो, बावीस वर्षं हा माणूस मशीनपाशी उभा होता. केसाएवढा फरक बोटाने ओळखायचा. दुसरे टर्नर आपलं काम ह्यांना दाखवून मगच पुढे पाठवायचे. स्टोअरमध्ये नट-बोल्ट वाटत बसले असते तर सहा महिन्यांत वाळून गेले असते. आणि तरी हे खाली मान घालून म्हणाले, "ठीक है." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या न बघण्यावरूनच मला कळलं, हे खोटं कोणासाठी चाललंय.

"एक दिन भी नहीं लगाया," मी म्हणाले. "वो क्रीम मैं लगाती थी. एड़ियों में."

कमलिनीचा खोकला थांबला. तिने दोन्ही पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले. डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.

"एड़ियां तो बहुत अच्छी हैं," म्हणाले. मेला हसलाही नाही.

मग त्यांनी तो कागद फाडला आणि नवा लिहिला. तीन महिने कोरडं काम, मलम, रॉकेल बंद. त्यानंतर रोज क्रीम लावून पुन्हा लेथ. तेव्हाही हातांवर पुरळ उठलं तर पुढचं बघू.

बाहेर पडल्यावर हे भडकले. "चारचौघांत बोलायची काय गरज होती? उद्या सगळी लाइन हसेल तुला."

"हसू दे. आणि तुमचा लेथ?"

"स्टोअरमध्येही माणसंच काम करतात," हे म्हणाले.

मला भर रस्त्यात रडू फुटलं. टाचांची लाज नव्हती वाटत मला, लोकांचीही नाही. ह्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

एप्रिलात हे लेथवर परत गेले. हात टिकले. पण मी ह्यांच्यावर मनातून रागावले ती आजही रागावलेलीच आहे. त्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं, तर हा माणूस मला एका शब्दाने न बोलता रिटायर झाला असता.