तीनचं कार्ड

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत आणि तिच्या प्रोग्रॅमला बागुलबुवा. बिलं छापणारा तो जुना प्रोग्रॅम तिच्याशिवाय कुणी उघडत नसे, कारण ताईनंच कधीकाळी सांगून ठेवलं होतं, "हात लावू नका रे त्याला, एक ओळ हलली तर सगळी बिलं कोसळतील." तेव्हा माणसं कमी करायचं चाललं होतं. ज्याच्यावाचून अडत नाही त्याला घरी पाठवत होते. ताईनं स्वतःवाचून अडेल अशी सोय केली, झालं. बाईनं काही दरोडा घातला नव्हता, थोडी भीती तेवढी पेरली होती.

ती भीती आता अशी तरारून आली होती की विचारू नका. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या शहरात गेली, लेक त्याच्याबरोबर गेली आणि ताई मागे राहिली. तिकडच्या शाखेत तिच्याजोगी जागा होती. पण बदलीचा विषय काढला की साहेब हात जोडत. "ताई, तुम्ही गेलात तर बागुलबुवाला कोण सांभाळणार?" कुलूप तिनं स्वतःच लावलेलं आणि आत तीच अडकलेली. भाड्याच्या खोलीत खोकी अर्धवट बांधून पडली होती. चहाचा कप हवा असला तरी खोक्यात हात घालावा लागे.

मग ऑफिसात अजाईल नावाच्या नव्या कामाच्या पद्धतीचं वारं शिरलं. शिकवायला एक मास्तर आले, खिसे भरून रंगीत चिकट चिठ्ठ्या घेऊन. "मोठं काम एकदम गिळायचं नाही," ते म्हणाले. "दोन आठवड्यांचा एक घास. रोज सकाळी उभं राहून आपली अडचण बोलून टाकायची. आणि कुठलंही काम एकाच माणसाच्या डोक्यात कोंडून ठेवायचं नाही." बाकीचे जांभया आवरत होते. ताईनं मात्र कान टवकारले. तिच्या सुटकेची वाट साहेबांनीच वाजतगाजत ऑफिसात आणली होती.

तिनं चिठ्ठी लिहून फळ्यावर चिकटवली: बागुलबुवा दुसऱ्या दोघांना शिकवणे. साहेबांनी ती वाचली, मान डोलावली. "या दोन आठवड्यांच्या घासात बसलं तर करू. शिकवून झालं की तुमच्या बदलीवर सही. पण मागे पडलं तर माझा इलाज नाही हं, तिकडची जागा या महिन्यापुरतीच राखलीय."

मास्तरांनी आकड्यांची कार्डं वाटली. काम केवढं आहे ते ज्यानं त्यानं मनात ठरवायचं, कार्ड पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा आणि ज्याचा सगळ्यांत छोटा, त्यांनी कारण सांगायचं. आकडा आठच्या वर गेला तर काम या घासात बसत नाही, ते 'नंतर'च्या रकान्यात जातं.

ताईला खरं ठाऊक होतं. आठवडाभर कुणी शेजारी बसलं असतं तर बागुलबुवाची शेळी झाली असती. तिनं तीनचं कार्ड ठेवलं.

कार्डं उलटली. वीस, वीस, वीस, वीस. आणि तिचा एकटीचा तीन.

"वीस का?" मास्तरांनी विचारलं.

"तीन काय! अहो, त्याला हात लावायला आम्ही काय वेडे आहोत?" टेस्टिंगवाला म्हणाला. "ताईंनीच सांगितलंय."

"आणि ताई, तुमचा तीन?"

साहेब समोरच उभे. गप्प राहावं तर इथेच सडायचं, बोलावं तर इतक्या वर्षांची अब्रू चव्हाट्यावर. तिनं लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला.

"त्यात अवघड काहीच नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला घाबरवून ठेवलं. मला काढून टाकतील या भीतीनं मी खोटं बोलले."

साहेब खो खो हसले. "बघा! आपल्याला धीर यावा म्हणून बाई स्वतःकडे कमीपणा घेतायत. याला म्हणतात टीम!" टाळ्या पडल्या. मास्तरांचे डोळेसुद्धा पाणावले.

"अहो, खरं सांगतेय मी. उघडून दाखवू का?"

"तुम्हाला सोपं वाटणारच ताई. तुमचा हात बसलाय."

पुन्हा कार्डं ठेवली. पुन्हा वीस, वीस, वीस, वीस. चिठ्ठी 'नंतर'च्या रकान्यात गेली आणि सगळे जेवायला पांगले. ताई खुर्चीत बसून राहिली. रडूही येईना, नुसता राग येत होता, आणि तो काढायला स्वतःशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, झालं का गं तुझं?"

"नाही गं. मी सगळं खरं सांगितलं. पण कुणी विश्वासच ठेवला नाही बघ."

ताईनं पायानं एक खोकं भिंतीकडे सरकवलं.

"येते मी लवकर," ताई म्हणाली. "अगदी नक्की."

"आई," लेक म्हणाली, "मीसुद्धा नाही ठेवत आता."