सेनापतीचा आवाज

पाचव्या भागाचं नाव जाहीर झालं, 'सेनापतीची शपथ', आणि आमच्या घरात जो तो अकलेचे तारे तोडू लागला.

त्या परदेशी सिनेमातला सेनापती आपल्या भाषेत बोलतो तो आमच्या ह्यांच्या आवाजात. चार भाग, अकरा वर्षं. आवाज इतका ओळखीचा झाला की दुसऱ्या सिनेमात ह्यांना कोणी घेईना. म्हणे, पाकीटमार बोलला तरी सेनापतीच वाटतो. त्यात चौथ्या भागाच्या शेवटी सेनापती कड्यावरून पडला. तो वाचला असेल तर ह्यांना काम, नाहीतर घरी बसायचं. आणि स्टुडिओवाले गोष्ट आधी सांगतील तर शपथ. डबिंगलासुद्धा पडदा काळा करून फक्त बोलणाऱ्याच्या ओठांपुरतं वर्तुळ दाखवतात.

माझे धाकटे दीर पोस्टर मोबाइलवर मोठं करून बघत होते. "वहिनी, मेलेला माणूस शपथ घेतो का? म्हणजे दादा जिवंत."

दादा सोफ्यावर जिवंतच होते, पाय पसरून.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. आतलं दिसल्याशिवाय हाड मोडलं असं म्हणायची मला सोय नाही. भावजींना असल्या अडचणी नाहीत. तलवारीच्या मुठीवर तीन खिळे, म्हणून सेनापतीला तीन मुलगे. तिघांचं आपसात पटत नाही, म्हणून बाप समजावणार. समजावणार म्हणजे भाषणं आलीच.

"चाळीस मिनिटं तर नुसता दादाच बोलेल," भावजींनी निकाल दिला, आणि हे हरभऱ्याच्या झाडावर चढले.

त्याच आठवड्यात एका लिफ्टच्या कंपनीनं ह्यांना घोषणांसाठी बोलावलं होतं. वर्षभराचं काम होतं. ह्यांनी नाही म्हणून कळवलं.

"सेनापतीनं 'दरवाजा बंद होत आहे' म्हणायचं?" असं मलाच विचारलं.

मग गळ्याला मफलर, कोमट पाणी, आणि घरात बोलणं बंद. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर नुसती मान हलवायची. दोन महिने मी भिंतीशी संसार केला. खरं सांगायचं तर बरा चालला होता.

शेवटी स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला, भावजी पुढे सरसावले.

"काका, या वेळी तुम्हाला यायला नको. सेनापती आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. पण त्यानं न बोलण्याची शपथ घेतली आहे. एक शब्दही नाही."

हे "बरं" म्हणाले. भावजींनी मोबाइलवर पोस्टर पुन्हा मोठं करून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे सहाव्या भागात शपथ मोडणार."

"भावजी, चहा पिऊन घरी जा," मी म्हटलं. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

सिनेमा लागला तेव्हा हे स्वतःहून चला म्हणाले. मध्ये एकदा सेनापती मेलेल्या मुलाच्या उशाशी नुसता बसून राहतो. सगळं थिएटर रडत होतं. मीही रडले. हे टक लावून बघत होते.

बाहेर पडताना जिन्यावर थांबले.

"नट फार चांगला आहे गं," म्हणाले. "अकरा वर्षं मला वाटायचं, मी त्याला सांभाळून घेतोय."